ताईचं पोट

बाळ जगलं नाही.

झालं सांगून. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, मीही ते लिहिलं नाही असं समजतो. कारण ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या गुरुवारी सात वाजून पाच मिनिटांनी बाळ ताईच्या पोटात मजेत लाथा मारत होतं आणि मी आमच्या संडासाच्या दाराबाहेर वही घेऊन उभा होतो.

"ताई, निकाल?"

आतून शांतता.

"निकाल राखून ठेवलाय का?"

"सुहास, तू जा तिथून. दाराशी कुणी उभं असलं की होत नाही मला."

"मी कुणी नाही. मी खातं आहे."

"गुडमॉर्निंग पथक आहेस तू!" ती आतून ओरडली. "लोक बाहेर बसतात त्यांना जाऊन पकड की. मी आत बसलेय तरी पकडतोयस!"

आमच्याकडे पहाटे टमरेल घेऊन माळावर निघालेल्यांना पकडायला सरकारी माणसं यायची, त्यांना गुडमॉर्निंग पथक म्हणत. मला ती पदवी ताईने दिली होती आणि मी ती मनापासून स्वीकारली होती. तोपर्यंतच्या आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव पदवी. दुसरीसाठी मी कराडच्या कॉलेजात प्रयत्न करत होतो: सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष, त्यातला एक विषय दुसऱ्यांदा.

ताईचं नाव उज्ज्वला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बाळंतपणासाठी ती विट्याला आमच्याकडे आली होती, आणि दाजी चाकणला गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्याच महिन्यात तिचं एक बाळ गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. आई तर त्याला "ते मागचं" एवढंच म्हणायची, जसं काही मागच्या दारी ठेवलेलं आहे.

या वेळी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी रक्त वाढायचं आणि बाकी सगळा व्यवहार बंद पडायचा. तीन-तीन, चार-चार दिवस. ताई आत जायची, दोन मिनिटांत बाहेर यायची आणि म्हणायची, "नाही." एकदा कपडे वाळत घालताना मी तिला विचारलं, "एवढ्या लवकर कशी येतेस बाहेर? जरा बसावं, प्रयत्न करावा." तिने इकडेतिकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात होती.

"जोर करायची भीती वाटते रे," ती हळूच म्हणाली. "जोर केला आणि हेही गेलं तर?"

मी नेहमीप्रमाणे काहीतरी चावट बोलणार होतो. पण तिच्या हातात पिळलेला परकर होता आणि ती तो परत परत पिळत होती. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

म्हणून पुढच्या तपासणीला मीही सोबत गेलो. डॉक्टरबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाळ असं जोर केल्याने पडत नाही हो. घाबरू नका. पण पोट साफ राहिलं पाहिजे. गोळ्या थांबवायच्या नाहीत. ताक घ्या, पालेभाज्या, भरपूर पाणी, संध्याकाळी चालणं." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना? हिच्या पोटावर जरा लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या."

हिच्या पोटावर लक्ष ठेवा. एवढी मोठी नेमणूक मला कुणी कधी दिली नव्हती. मी येतानाच दुकानातून शंभर पानी वही घेतली.

वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, पाणी किती तांबे, ताक किती पेले, चालणं किती फेऱ्या आणि शेवटी निकाल. निकालाचे प्रकार चार: नाही, अल्प, समाधानकारक, उत्तम. ताई म्हणाली, "हे असलं लिहिलेलं दाजींना दाखवलंस तर मी तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही." मी म्हटलं, माहिती गोपनीय राहील.

आंबील मी स्वतः करायचो. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, वरून जिरं आणि लसूण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी लावलेले जंतू कधी वाढले नाहीत. एकदा तर सरांनी माझी बशी उजेडात धरून विचारलं होतं, "यात काय आहे?" आणि मी म्हटलं होतं, "शांतता." पण घरच्या बरणीत ते असे काही फसफसायचे की झाकण उचललं जायचं.

"यात नेमकं काय असतं रे?" ताईने एकदा पेला हातात घेऊन विचारलं.

"जंतू."

तिने पेला खाली ठेवला.

"चांगले जंतू गं. आतड्यात अब्जावधी असतात. ग्रामपंचायत समज. चांगले आणि वाईट, दोन्ही पॅनेल. चांगल्यांचं बहुमत पाहिजे, नाहीतर कामं अडकतात."

"आणि ही आंबील?"

"प्रचार."

"आणि बाळ?"

"त्याला अजून मतदानाचा हक्क नाही."

ती हसली आणि पेला संपवला. शेजारच्या गोदाक्का कुंपणावरून हे सगळं ऐकत होत्या. "सातव्यात एवढं आंबट?" त्या म्हणाल्या. "बाळाला थंड पडंल, बघा हं." मी म्हटलं, "गोदाक्का, बाळ तिकडच्या बाजूला आहे, आंबील इकडून जाते." शरीरशास्त्र मला असं स्वच्छ येत होतं.

हळूहळू निकाल सुधारले. एकोणिसाव्या दिवशी ताई बाहेर आली ती दोन्ही हात वर करून, आणि आईने का कुणास ठाऊक तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ताई आता जोर करायला घाबरत नव्हती. रात्री पोटावर हात ठेवून बाळाशी बोलायची. "तुझ्यामुळे मामाला नोकरी लागली रे," असं काहीतरी. मी ऐकत नाही असं तिला वाटायचं.

मग ती फजिती झाली. दुपारी ताईच्या पोटात एकदम कळ आली. आम्ही तिघं घाबरून रिक्षाने दवाखान्यात. आई वाटेत जोतिबाला नवस बोलली, मी रिक्षावाल्यावर उगाच ओरडलो. डॉक्टरबाईंनी ताईला टेबलावर झोपवलं, पोटावर हात ठेवून जरासं दाबलं, आणि निदान आपोआप झालं. सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी सरळ केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चला, गॅस होता. आलात ते चांगलं केलंत, असंच यायचं." पण निघताना सिस्टर हसत म्हणाली, "सावकाश जा हं, गॅसवाल्या ताई." प्रेमाने म्हणाली. ताई घरापर्यंत पदरात तोंड घालून बसली होती. रात्री जेवताना मी म्हटलं, "रिक्षावाल्याला वाटलं टायर फुटला," आणि सगळे एवढे हसले की अण्णांना, आमच्या वडिलांना, ठसका लागला.

डॉक्टरबाईंचं "असंच यायचं" हे वाक्य कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सिस्टरचं राहिलं.

तर तो गुरुवार. सात वीसला ताई बाहेर आली आणि दारातूनच म्हणाली, "लिही. उत्तम."

मी लिहिलं. त्या आनंदात तिला आंबील एकाऐवजी दोन पेले दिली आणि नाश्त्याला मोडाच्या मटकीची उसळ. रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. आई अकरा वाजता हातात कुंकवाचा करंडा घेऊन बायकांना आमंत्रण द्यायला निघाली. फोन तिने नेहमीप्रमाणे देवळीत ठेवला. तिच्या मते फोन ही घरात राहायची वस्तू होती. अण्णा यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही, फोन कुठून येणार?

"आरं, तिला सोडून कुठं जाऊ नगंस," आई उंबऱ्यातून म्हणाली.

"मी ड्यूटीवर आहे," मी म्हटलं.

सव्वाबाराला ताईने खाटेवरून हाक मारली.

"सुहास, पोटात दुखतंय रे."

मी वही घेऊन गेलो.

"कसं दुखतंय?"

"घट्ट झालंय. दगड झाल्यासारखं."

"वर की खाली?"

"सगळंच."

"मटकी," मी म्हटलं. "शंभर टक्के मटकी. मोड जरा जास्तच आले होते. आणि दोन पेले आंबील. चांगल्या पॅनेलने विजयी मिरवणूक काढलीय आतमध्ये, गुलाल उधळतायत."

ती हसली. मग ओठ दाबून म्हणाली, "हसवू नकोस. हसलं की जास्त दुखतंय."

हसणाऱ्या माणसाला फार काही झालेलं नसतं, असा माझा तेव्हाचा अभ्यास होता. मी वहीत लिहिलं, '१२.१५. पोट घट्ट. गॅस.' आणि ओवा भाजून, त्यात सैंधव घालून तिला गरम पाण्याबरोबर दिला.

एक वाजता तिने पुन्हा हाक मारली. मी फोनवर पाहिलं. मराठीतच लिहिलं, 'पोट घट्ट होऊन दुखते उपाय.' चौदा उपाय आले. त्यातल्या अकरांमध्ये ओवा होता. मी बरोबर मार्गावर होतो. बाराव्यात हिंग होता. मग हिंग पाण्यात कालवून मी तिच्या बेंबीभोवती लेप लावला. पोट खरंच दगडासारखं होतं. मी बोटाने टकटक करून म्हटलं, "कोण आहे?"

आतून कुणी उत्तर दिलं नाही. म्हणजे लाथ बसली नाही. एरवी मी अशी टकटक केली की बसायची.

हे मी वहीत लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

"पाठीतपण भरून आलंय," ताई म्हणाली.

"गॅस पाठीत जातो. चालूया का जरा? चाललं की सुटतो."

मी तिला सोप्यात फेऱ्या मारायला लावल्या. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, एक कमरेवर. मी मोठ्याने मोजत होतो. नवव्या फेरीला ती थांबली आणि तिने भिंतीला कपाळ टेकवलं. तिच्या मानेवर घाम होता.

"सुहास, दवाखान्यात जाऊया का?"

हे तिने विचारलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. दवाखाना रिक्षाने अकरा मिनिटांवर. एवढं मला आजही विसरता येत नाही, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो.

मी म्हटलं, "गॅसवाल्या ताई आल्या म्हणतील."

तिने भिंतीवरून कपाळ उचललं. मग म्हणाली, "हो रे. परत तसं झालं तर तोंड दाखवायला जागा नाही." खाटेवर आडवी झाली. "आई येऊ दे. तिला विचारू."

"गॅसच आहे, ताई. मी सांगतोय ना."

"तू सांगतोयस म्हणजे असेल," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिने गेले दीड महिने माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि निकाल चांगले आले होते.

अडीचच्या सुमाराला ती डोळे मिटून होती. मला वाटलं, ओवा लागू पडला.

"बाळ गप्प आहे आज," ती डोळे न उघडता म्हणाली.

"ते माझ्या खात्यात येत नाही," मी म्हटलं. "जेवून झोपलं असेल."

तिने पोटावर हात ठेवला. "उठ की रे," असं काहीतरी पुटपुटली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आणखी थोडा ओवा भाजायला टाकला. ओवा करपला. तव्याकडे माझं लक्ष नव्हतं, मी दाराकडे कान लावून आईची वाट बघत होतो. म्हणजे मला कुठेतरी कळलं होतं का? सात वर्षं झाली, या प्रश्नाचं उत्तर मी रोज वेगळं देतो.

आई चार वाजता आली. बोटं कुंकवाने लाल. "समद्या येनार हैत," म्हणत ती आत आली, ताईकडे पाहिलं, आणि करंडा तिथेच खाली ठेवून तिने लुगड्याआडून पोटावर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"कवापासनं?"

"सव्वाबारापासून," मी म्हटलं. "गॅस आहे. मी ओवा..."

"रिक्षा आन."

"आई, मी सगळं..."

"सुहास. रिक्षा."

अकरा मिनिटं लागली. खड्ड्याखड्ड्यावर ताई एक आवाज करत होती, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. ताईचे सगळे आवाज मला माहीत होते, आम्ही एकाच खोलीत वाढलो.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. ताईला बघून तिने कुठल्याच नावाने हाक मारली नाही, सरळ चाकाची खाट ढकलत आणली. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्राची डबी ठेवली. खरखर. डबी सरकवली. खरखर. मग ठोके ऐकू आले आणि मी आईकडे बघून हसलो. डॉक्टरबाईंनी ताईची नाडी धरली, ठोके ऐकले, पुन्हा नाडीकडे बघितलं, आणि यंत्र बंद केलं. ते ठोके ताईचेच होते.

मला बाहेर काढलं. सगळी धावपळ झाली. रक्ताच्या बाटल्यांसाठी मी दोनदा धावत गेलो आणि दोनदा धावत आलो. तेवढं एक काम मी त्या दिवशी वेळेत केलं.

सहाच्या आसपास डॉक्टरबाई बाहेर आल्या. आई नवसाचं काहीतरी बोलत भिंतीशी बसली होती, त्यामुळे त्या माझ्याशीच बोलल्या.

"ताई वाचल्या. बाळ नाही वाचलं. मुलगी होती." त्यांनी टोपी काढली. "वार आधीच सुटली होती. वार कधी सुटली ते..."

"गुरुवार," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"आज गुरुवार आहे," मी पुन्हा नीट सांगितलं. मला वाटलं, त्यांना कागदावर लिहायचंय.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वार म्हणजे, बाळाला आईकडून सगळं मिळतं ना, रक्त, अन्न, श्वास... ते जिच्यातून मिळतं ती. ती आत चिकटलेली असते. ती सुटली. कधीकधी बाहेर थेंबभरही रक्त दिसत नाही. फक्त पोट दगडासारखं होतं आणि दुखतं."

"मला गॅस वाटला."

"दुखायला कधी लागलं?"

"सव्वाबाराला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळलं.

"लगेच आणलं असतं तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत होत्या की खरं, हेही सांगता येत नाही.

दाजी रात्री येणार होते. तोवर बाळ माझ्याकडे दिलं होतं, हिरव्या कापडात गुंडाळून. अण्णा मागावरून तसेच आले होते, अंगावर सुताचे तंतू. ते बाळाकडे बघायचे आणि बाहेर जायचे, पुन्हा यायचे आणि बघायचे. सगळा ऐवज सव्वा किलोचा. फोनवर दाजींनी विचारलं, "सुहास, कुणासारखी आहे रे?"

ते 'होती' म्हणाले नाहीत.

"ताईसारखी," मी म्हटलं. "ताई झोपली की जशी दिसते, तशीच आहे."

पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात घरात चौकशी बसली. म्हणजे बायका भेटायला येत होत्या. पहिली आरोपी आंबील: गोदाक्का म्हणाल्या, मी सांगत होते, थंड पडलं. दुसरा आरोप मागच्या ग्रहणावर. ताईने त्या दिवशी भाजी चिरली होती की नाही, यावर दोन गट पडले. तिसरा आरोप, डोहाळजेवणाचं आमंत्रण गुरुवारी द्यायला नको होतं, यावर आई रडायला लागली. चौथा आरोप रस्त्यातल्या खड्ड्यांवर. मी दारात उभा राहून सगळी यादी ऐकली. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मी आपणहून हजर झालो. आईला म्हटलं, "आई, मी उशीर केला. पावणेचार तास. ती दवाखान्यात जाऊया म्हणाली होती. मी नको म्हटलं."

आई पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"गप. तुला काय कळनार त्यातलं? बाप्यामानूस तू."

"मला सांगितलं होतं लक्ष ठेवायला."

"गप म्हनलं ना."

अण्णांना सांगितलं, ते म्हणाले, "नशिबाचं असतं बाबा." दाजींना सांगितलं, त्यांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं होतं ते मारतील. मी तसा उभाही राहिलो होतो, जरा वाकून. पण थोपटलीच.

त्याआधी, तिसऱ्याच दिवशी, ताईला दूध आलं होतं. दुधाला कुणी निरोप दिलेला नव्हता. आईने तिच्या छातीवर घट्ट पट्टा बांधला, डॉक्टरबाईंनी गोळी दिली, आणि ताई खिडकीकडे तोंड करून बसायची. ब्लाउज ओला झाला की बदलायची. पट्टा, पदर, ब्लाउज, या क्रमाने. ती कुणाशी बोलत नव्हती. मी आंबील करणं बंद केलं होतं. बरणीतली तशीच राहिली आणि आंबून आंबून एके सकाळी आईने ती नालीत ओतली.

सव्वा महिना झाल्यावर ताई चाकणला जायला निघाली. आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"ताई, तू तरी काहीतरी बोल मला."

"काय बोलू?"

"शिव्या दे."

तिने साडीची घडी घातली. मग मोडली आणि पुन्हा घातली.

"मी त्या दिवशी काय म्हटलं होतं तुला?" तिने विचारलं.

"पोटात दुखतंय म्हणालीस."

"तू काय ऐकलंस?"

"पोटात दुखतंय, असंच."

"मग?" ती म्हणाली. "मी म्हटलं तेच तू ऐकलंस. मला तरी कुठं कळलं होतं, कुठलं दुखतंय? मलापण वाटलं, मटकीचंच पोट असेल. बाळाच्या पोटाला मी दुसरं काय म्हणणार होते, सुहास? आपल्याकडं दुसरा शब्दच नाही. आई आजतागायत दोन्हीला पोटच म्हणते."

"गर्भाशय आहे ना."

"असं कोण म्हणतं रे?" तिच्या तोंडावर काहीतरी आलं, जे हसू झालं असतं. "खाटेवरून ओरडू का मी? 'सुहास, गर्भाशयात दुखतंय'?"

आणि ती हसली. सव्वा महिन्याने पहिल्यांदा. हसता हसता तिने पोटावर हात ठेवला, तिथे आता काहीच नव्हतं म्हणून हात खूप आत गेला, आणि मग तिचा जो आवाज आला तो मी एकदाच ऐकला होता, रिक्षात. मी तिच्याजवळ बसलो. साडीची घडी तिसऱ्यांदा मोडली.

ताई अजून चाकणलाच असते. पुढे मूल झालं नाही. दाजी आणि ती दोघंही कधी मला काही बोलले नाहीत, आणि दर भाऊबीजेला ती मला ओवाळते. मी जी पदवी मिळवायला निघालो होतो ती मिळाली. एका प्रयोगशाळेत मी आता लोकांच्या पोटातले जंतू तपासतो. कागदावर नाव असतं, वय असतं, तक्रार असते. तक्रारीच्या जागी बहुतेक वेळा एकच ओळ: पोट दुखते. नाव बाईचं असलं की मी फोन लावतो आणि विचारतो, कुठलं? बायका गोंधळतात. एक जण म्हणाली, "पोट एकच असतं ना हो?"

म्हणून हा अर्ज करतो.

प्रति, मराठी भाषेचा कारभार जिथून चालतो त्या कार्यालयाचे माननीय प्रमुख, यांस. महोदय, खाल्लेलं अन्न जिथे जातं ती जागा आणि बाळ जिथे राहतं ती जागा, या दोन स्वतंत्र जागांना सद्यःस्थितीत 'पोट' हा एकच शब्द मंजूर आहे. 'उदर', 'गर्भाशय' इत्यादी शब्द कोशात उपलब्ध असल्याची अर्जदारास कल्पना आहे; परंतु दुखत असताना ते कुणाच्याही तोंडात येत नाहीत, हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तरी, दुसऱ्या जागेसाठी एक वेगळा शब्द मंजूर करावा. तो शक्यतो दोन अक्षरी असावा, लाज न वाटता उच्चारता यावा, आणि खाटेवर पडल्या पडल्या एका दमात, वीस वर्षांच्या मूर्ख भावालाही कळेल असा असावा. तसेच सदर मंजुरी सात वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारपासून, दुपारी सव्वाबारा वाजल्यापासून, पूर्वलक्षी प्रभावाने अमलात आणावी, ही नम्र विनंती.